पिकअपच्या हवेच्या वाटेत बदल : फिल्टरच्या आधी काय चालते, फिल्टरनंतर काय चालत नाही

पीक सल्ल्याच्या पानावर गाडीच्या इंजिनावरचा लेख पाहून काहींना नवल वाटेल. पण आज बीड जिल्ह्यातला बराचसा माल बाजारात पोचतो तो पिकअपनेच. आष्टी-पाटोद्याचे दूध, गेवराई-माजलगावचा कापूस, केज-अंबाजोगाईचे सोयाबीन, बालाघाटाच्या डोंगरपट्ट्यातले सीताफळ, उन्हाळ्यात चारा छावणीकडे जाणारा कडबा, सगळे याच गाडीवर. सीताफळ झाडावरून उतरवल्यावर दोन-तीन दिवसांत मऊ पडते, आणि सकाळचे दूध सकाळीच संकलन केंद्रावर पोचावे लागते. गाडी आठ दिवस गॅरेजमध्ये अडकली तर नुकसान इंजिनाच्या बिलावर थांबत नाही.

शिवारात फिरताना तरुण शेतकऱ्यांकडून एक प्रश्न नेहमी येतो : एअर फिल्टरचा डबा मोकळा केला, त्याचे तोंड मोठे केले किंवा बाजारात मिळणारा उघडा कोन फिल्टर लावला, तर गाडी जास्त ओढते का? मोबाइलवर असे व्हिडिओ भरपूर आहेत. आवाज बदलतो, टर्बोची शिट्टी ऐकू येते आणि गाडीत जोर आल्यासारखे वाटते.

उत्तर सुरुवातीलाच देतो. आपल्या भागात पिकअपच्या हवेच्या वाटेत करण्यासारखा एकच उपयोगी बदल आहे, तो म्हणजे इंजिनाला कमी धुळीची हवा मिळवून देणे. तो बदल नेहमी फिल्टरच्या आधी करायचा. फिल्टर आणि इंजिन यांच्यामधल्या भागाला घरी हात लावायचा नाही. असे का, ते पुढे सविस्तर पाहू. माझे शिक्षण कृषी शास्त्राचे असल्यामुळे मी थोडा मातीच्या बाजूनेही बोलणार आहे, कारण इंजिन खाते ती आपलीच माती.

इंजिन किती हवा ओढते

आपल्याकडे सर्रास दिसणाऱ्या बोलेरो पिकअपचे डिझेल इंजिन २५२३ सीसीचे, म्हणजे सुमारे अडीच लिटरचे आहे. चार स्ट्रोकचे इंजिन दोन फेऱ्यांत एकदा आपल्या आकाराएवढी हवा ओढते. २००० फेऱ्यांवर चालताना हा हिशेब मिनिटाला अडीच हजार लिटर आणि तासाला सुमारे १५० घनमीटर होतो. घाट चढताना फेरे वाढतात, टर्बो हवा दाबून भरतो, आणि हा आकडा दुपटीच्याही वर जातो.

दुसऱ्या बाजूनेही पाहता येईल. एक लिटर डिझेल पूर्ण जळायला किमान दहा हजार लिटर हवा लागते. डिझेल इंजिन गरजेपेक्षा जास्त हवेवर चालते, त्यामुळे प्रत्यक्षात याच्या दीडपट-दुप्पट हवा आत जाते. तुम्ही पंपावर मोजून भरता ते डिझेल. फुकट मिळते म्हणून हवेकडे कोणी पाहत नाही, आणि कचरा तिच्यातूनच येतो.

आता धुळीचा हिशेब करू. पुढची गाडी दिसेनाशी होईल इतकी धूळ असेल, तर हवेच्या प्रत्येक घनमीटरमध्ये सुमारे ०.९ ग्रॅम धूळ असते. फिल्टर तपासणारे तंत्रज्ञ 'शून्य दृश्यमानता' म्हणून हाच आकडा धरतात. उसाच्या ट्रॅक्टर-ट्रॉल्यांच्या मागे शिवाररस्त्याने अर्धा तास अशा धुळीतून पिकअप चालवली, तर फिल्टरच्या तोंडाशी साठ-सत्तर ग्रॅम धूळ येते. मोठी मूठभर माती म्हणा. नीट बसलेला कागदी फिल्टर ९९.५ टक्के किंवा त्याहून जास्त धूळ अडवतो. म्हणजे आत जाते ती एक तृतीयांश ग्रॅम, त्याहूनही कमी. फिल्टरच्या कडेने दोन टक्के हवा जरी चोरवाटेने गेली, तरी हे प्रमाण चार-पाचपट होते. आणि फिल्टर काढूनच टाकला तर साठ-सत्तर ग्रॅम सगळीच्या सगळी आत.

आपली धूळ कशाची बनली आहे

सगळी धूळ सारखी नसते. हा मुद्दा मेकॅनिकपेक्षा शेतकऱ्याला लवकर पटतो, कारण तो माती हाताने ओळखतो.

गोदाकाठच्या गेवराई, माजलगाव भागातल्या खोल काळ्या जमिनीत चिकणमातीचे प्रमाण निम्म्याच्या आसपास, कुठे त्याहूनही जास्त असते. चिकणमातीचा कण २ मायक्रॉनपेक्षा लहान असतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉनचा, यावरून अंदाज यावा. हे कण मऊ असतात. ते लोखंड फारसे कापत नाहीत, पण फिल्टरच्या कागदाची छिद्रे बुजवतात. शिवाय ही माती ओल धरते. धुक्याच्या किंवा दवाच्या सकाळी काळ्या धुळीने भरलेल्या फिल्टरवर खपली धरते आणि इंजिनाचा श्वास अडतो.

आष्टी, पाटोदा, शिरूर कासार भागातली हलकी, मुरमाड जमीन वेगळी. तिथली धूळ म्हणजे बेसाल्ट खडकाचा झिजलेला चुरा. त्यात फेल्डस्पार आणि ऑगाइट ही खनिजे असतात. खनिजांच्या कठीणपणाच्या मोजपट्टीवर ती ५.५ ते ६.५ वर येतात. आपल्या खडकात जागोजागी गारगोटी आणि अकीकाच्या गाठी सापडतात, त्यांचा कठीणपणा ७. इंजिनाच्या लायनरचे ओतीव लोखंड यापेक्षा मऊ असते. म्हणजे मुरमाच्या रस्त्यावरची धूळ लायनरवर कानस चालवल्यासारखे काम करते. खडी क्रशरजवळचा रस्ता आणि नुकताच मुरूम टाकलेला पाणंद रस्ता यांवरची धूळ सर्वांत वाईट, कारण तिचे कण ताजे फुटलेले आणि टोकदार असतात.

परळी परिसरात औष्णिक वीज केंद्राच्या राखेची भर पडते. ही राख काचेसारख्या बारीक गोल कणांची असते आणि वाऱ्यावर लांब जाते. राखेच्या ट्रकमागे गाडी चालवणाऱ्यांनी फिल्टरची पाहणी इतरांपेक्षा दुप्पट वेळा करावी.

सर्वांत घातक कण कोणता? डोळ्याला दिसणारा खडा नव्हे, तो फिल्टरला अडकतोच. पिस्टनची रिंग आणि लायनर यांच्यामध्ये ऑइलचा काही मायक्रॉन जाडीचा थर असतो. त्या थराएवढा किंवा त्याहून थोडा मोठा कण, साधारण ५ ते २० मायक्रॉनचा, दोन्ही लोखंडांच्या मधोमध अडकतो आणि दोन्हीकडे ओरखडे काढतो. मातीच्या भाषेत हा पोयटा. नुसत्या डोळ्यांनी तो दिसत नाही. म्हणून 'मी पाहिले, आत काही कचरा नाही' या म्हणण्याला फार अर्थ नाही.

रिंग-लायनर झिजले की इंजिन ऑइल खाऊ लागते, निळसर धूर येतो, सकाळी सेल्फ जास्त मारावा लागतो आणि ऑइलचे झाकण उघडल्यावर आतून धूर बाहेर येतो. त्यानंतर इंजिन बांधण्याशिवाय मार्ग राहत नाही.

मोकळ्या फिल्टरने ताकद का वाढत नाही

फिल्टर हवेला किती अडवतो ते पाण्याच्या उंचीत मोजतात. बहुतेक टर्बो डिझेल इंजिनांसाठी हा अडथळा ६३५ मिलिमीटर पाण्याच्या उंचीएवढा झाला की फिल्टर बदलावा, असा सर्वसाधारण दंडक आहे. म्हणजे फिल्टर बदलण्याइतका तुंबला तरी हवेच्या एकूण दाबापैकी सुमारे सहा टक्केच दाब अडतो. नवा, स्वच्छ फिल्टर याच्या बराच खाली असतो. म्हणजे स्वच्छ फिल्टर काढून टाकल्यावर मिळणारा फायदा हाती लागण्याजोगा नाही, आणि जो थोडा आहे तोही टर्बो आधीच भरून काढत असतो. डिझेल इंजिनाची ताकद ठरते ती किती डिझेल जाळले यावर. हवा थोडी जास्त मिळाली म्हणून पंप जास्त डिझेल सोडत नाही.

उलट दोन ठिकाणी तोटा होतो. पहिला उष्णतेचा. कंपनीचा डबा बहुतेक गाड्यांत बॉनेटखालच्या गरम हवेपासून वेगळा करून बाहेरची हवा घेतो. उघडा कोन फिल्टर मात्र बॉनेटखालचीच हवा ओढतो. आपल्याकडे मे महिन्यात बाहेर ४० अंश असताना बॉनेटखाली ७० अंश सहज होते. हवा जवळजवळ तीन अंश तापली की तिची घनता एक टक्का घटते. म्हणजे ताकद वाढवायला लावलेला फिल्टर भर उन्हाळ्यात इंजिनाला नऊ टक्के पातळ हवा देतो. इंटरकूलर त्यातला काही भाग सावरतो, सगळा नाही.

दुसरा तोटा सेन्सरचा. अनेक बीएस-४ गाड्यांत आणि १ एप्रिल २०२० नंतर आलेल्या बीएस-६ गाड्यांत फिल्टरच्या लगेच पुढे हवा मोजणारा सेन्सर असतो. ठरावीक आकाराच्या नळीत हवा किती वेगाने वाहते त्यावरून तो हवेचा अंदाज करतो. नळी मोठी केली की तेवढीच हवा हळू वाहते, सेन्सर 'हवा कमी आली' असे सांगतो आणि संगणक डिझेल कमी करतो. पाइप मोठा केला आणि गाडी आणखी मंद झाली, अशी तक्रार येते ती यामुळेच. तेल लावून वापरायचे, धुऊन पुन्हा बसवायचे जाळीचे फिल्टर यात भर घालतात. तेल जास्त झाले तर ते सेन्सरच्या नाजूक तारेवर बसते. बीएस-६ गाडीत चुकीच्या मोजमापाने काजळी वाढली तर सायलेन्सरमधला काजळीचा फिल्टरही लवकर भरतो, आणि तो एअर फिल्टरपेक्षा कितीतरी महाग आहे.

फिल्टरच्या आधी : इथे सुधारणा करता येते

हवेच्या वाटेचे दोन भाग समजून घ्या. बाहेरच्या तोंडापासून फिल्टरच्या कागदापर्यंतची धुळीची बाजू, आणि कागदापासून टर्बो व इंजिनापर्यंतची स्वच्छ बाजू. धुळीच्या बाजूला तुमचा सांधा जरा सैल राहिला तरी फिल्टर पुढे उभा आहे. स्वच्छ बाजूला केसाएवढी फट राहिली तर तिला अडवणारे कोणी नाही. घरी करण्याच्या कामाची हद्द यावरूनच ठरते.

धुळीचे जड कण जमिनीलगत जास्त असतात आणि उंचीबरोबर कमी होत जातात. ट्रॅक्टरच्या हवेचे तोंड बॉनेटच्या वर काढलेले असते ते याचसाठी. पिकअप मूळची डांबरी रस्त्यावर चालायची म्हणून बनवलेली, त्यामुळे तिचे तोंड बहुधा हेडलाइटच्या किंवा चाकाच्या पत्र्याजवळ, समोरच्या गाडीने उडवलेल्या धुळीच्या नेमक्या उंचीवर असते. हे तोंड केबिनच्या छपराएवढे वर नेणे हाच खरा उपयोगी बदल. तो करताना पुढच्या गोष्टी सांभाळा.

नव्या पाइपचे आतले माप मूळ तोंडापेक्षा लहान नको. पाइप लांब होणार असेल तर एक माप मोठा घ्या. काटकोनी एल्बो टाळा, वळण मोठ्या गोलाईचे ठेवा. बॉनेटच्या आत तारेचे वेटोळे असलेला रबरी होजच वापरा. विहिरीच्या मोटारीचा हिरवा सक्शन पाइप अनेक जण वापरतात, कारण तो घरात पडलेला असतो. पण प्लॅस्टिक इंजिनाच्या उष्णतेने मऊ पडते आणि ओढीने चपटते. बॉनेटच्या बाहेर, टर्बो व सायलेन्सरपासून दूर, साधा पीव्हीसी पाइप काही काळ चालतो. उन्हाने तो ठिसूळ होतो हे लक्षात ठेवून दर हंगामाला तपासा. काचेशेजारच्या खांबाला भोके पाडू नका, तो केबिनचा आधार आहे. पट्ट्यांनी कसून बांधा, चालकाची नजर अडणार नाही आणि धारदार कड बाहेर राहणार नाही असे पाहा.

तोंड पुढे उघडे ठेवले तर पावसाचे पाणी सरळ आत जाते, म्हणून छत्रीसारखी टोपी हवी. पाइपच्या सर्वांत खालच्या जागी, फिल्टरच्या आधी, पाणी निथळायला पाच-सहा मिलिमीटरचे छिद्र ठेवा. कंपनीच्या डब्याच्या तळाशी रबराची चोच असलेली छोटी नळी असेल, तर तीही याच कामासाठी असते. 'इथून हवा गळते' म्हणून काही जण ती एम-सीलने बुजवतात. तसे करू नका.

ट्रकसारखे तोंड केबिनच्या मागे काढायचा मोह होतो. कडबा, भुसकट किंवा कापूस वाहणाऱ्यांनी ते टाळावे, कारण मालाचा चुरा तिथेच घुमतो. तोंड पुढच्या बाजूला, सायलेन्सरच्या विरुद्ध अंगाला असावे.

तोंडावर धूळ गोल फिरवून वेगळी करणारा प्री-क्लीनर, म्हणजे ट्रॅक्टरवर दिसतो तो पारदर्शक वाडगा, बसवता येतो. इथे बहुतेक जण एकच चूक करतात, घरच्या ट्रॅक्टरचा जुना वाडगा पिकअपला लावतात. ४५-५० अश्वशक्तीचा, टर्बो नसलेला ट्रॅक्टर २१०० फेऱ्यांवर तासाला साधारण १८० घनमीटर हवा घेतो. पिकअपचे टर्बो इंजिन ३२०० फेऱ्यांवर भरल्या गाडीने त्याच्या दुपटीहून जास्त मागते. छोटा वाडगा तिला गळा आवळल्यासारखा होतो. फार मोठाही नको, कारण त्यात हवेला फिरण्याचा वेग येत नाही आणि धूळ वेगळी पडत नाही. दुकानदाराला इंजिनाची हवेची गरज सांगून त्या मापाचाच मागा. वाडगा दोन तृतीयांश भरायच्या आत रिकामा करा. तो जाड धूळ काढतो, बारीक पोयटा काढत नाही, म्हणून त्याच्या भरवशावर मागचा फिल्टर सोडता येत नाही.

कापसाच्या दिवसांत, ऑक्टोबरपासून पुढे, जिनिंगच्या आवारात सरकी-कापसाचे तंतू तोंडावर बसतात. तोंडावर मच्छरदाणीची जाळी घट्ट ताणून बांधली तर एका फेरीत ती बुजते. जाळी लावायचीच तर तोंडाच्या कितीतरी पट क्षेत्रफळाचा पिंजरा करून बाहेरून लावा आणि प्रत्येक खेपेनंतर हाताने पुसा. त्याच वेळी रेडिएटरच्या जाळीवरचे तंतूही काढा. जाळीऐवजी जुना स्टॉकिंग किंवा फोमचा तुकडा फिल्टरच्या आत भरण्याचा प्रकारही पाहिला आहे. टर्बोचे चाक मिनिटाला लाखाहून जास्त फेरे घेते. कापडाचा धागा सुटून तिथपर्यंत गेला तर टर्बो बदलावाच लागतो.

या सगळ्याहून स्वस्त उपाय म्हणजे अंतर. पुढच्या ट्रॉलीची धूळ बसेपर्यंत थांबा, वाऱ्याच्या वरच्या अंगाने चाला. मळणी यंत्र चालू असताना पिकअप त्याच्या भुसकटाच्या फवाऱ्याखाली चालू अवस्थेत उभी करू नका.

फिल्टरनंतर : फक्त तपासणी

स्वच्छ बाजूला बदल नको, पण पाहणी दर महिन्याला हवी. इंजिन थंड व बंद असताना फिल्टर आणि टर्बो यांच्यामधला रबरी होज टर्बोच्या बाजूने सोडा. पांढरे स्वच्छ कापड बोटाला गुंडाळून होजची आतली भिंत पुसा. थोडा तेलकटपणा चालतो. कापडावर तपकिरी किंवा काळी खरखर आली, बोटांत चोळल्यावर रेती लागली, तर कुठेतरी चोरवाट आहे. फिल्टरची रबरी कड चपटली आहे का, डब्याच्या चारही क्लिपा बसतात का, होजच्या घड्यांत चीर आहे का, हे क्रमाने पाहा. होजला चीर असेल तर पंक्चरचे सोल्युशन किंवा टेप लावून भागवू नका. नवा होजच घ्या.

स्वस्त नकली फिल्टरमध्ये बहुतेकदा कड खोटी असते. विकत घेताना जुना फिल्टर सोबत न्या, कडेची जाडी आणि बाहेरचे माप लावून पाहा. दुकानातच डब्याचे झाकण बसवून घेता आले तर उत्तम.

कागदी फिल्टर रोज झटकणे हा चांगल्या मनाने केलेला चुकीचा उद्योग आहे. कागदावर बसलेला धुळीचा पातळ थर उलट बारीक कण अडवायला मदत करतो. दरवेळी डबा उघडताना थोडी धूळ स्वच्छ बाजूला पडते, ती वेगळीच. टायरवर आपटल्याने कड वाकडी होते. पाण्याने किंवा डिझेलने धुतल्यास कागदाची वीण सैल पडते. साफ करायचाच तर कॉम्प्रेसरचा दाब ३० पीएसआयच्या आत ठेवून, नोझल लांब धरून, आतून बाहेर हवा मारा. नंतर अंधारात आत टॉर्च लावून बाहेरून पाहा. टाचणीच्या टोकाएवढा उजेड दिसला तरी तो फिल्टर बाद. ट्रॅक्टरमध्ये आत दुसरा छोटा फिल्टर असतो, तो कधीच साफ करायचा नाही, थेट बदलायचा.

सहाय्यक कृषी अधिकारी आणि विस्तार कार्यकर्त्यांनी ट्रॅक्टर देखभालीच्या कार्यक्रमात पांढऱ्या कापडाची ही चाचणी आवर्जून करून दाखवावी. पाच मिनिटे लागतात आणि शेतकरी आपल्याच गाडीतली माती आपल्या डोळ्यांनी पाहतो.

कंपनीच्या पुस्तिकेत फिल्टर बदलण्याचे जे अंतर दिले आहे ते साध्या रस्त्यासाठी. धुळीच्या रस्त्यांसाठी त्याच पुस्तिकेत बहुधा वेगळे, कमी अंतर असते. आपण त्या दुसऱ्या रकान्यातले ग्राहक आहोत.

गाडी घाटात ओढत नसेल तर

मांजरसुंब्याच्या किंवा धारूरच्या घाटात भरली गाडी दम टाकत असेल, तर फिल्टरचा डबा कापण्याआधी क्रमाने पाहा. फिल्टर तुंबला आहे का. टर्बोपासून इंटरकूलरपर्यंतच्या होजवर ताजे तेल झिरपते का, चढावर जास्तीची शिट्टी आणि काळा धूर येतो का. येत असेल तर दाबलेली हवा तिथून निसटते आहे आणि एका क्लॅम्पने काम होते. डिझेल फिल्टरमध्ये पाणी साचले आहे का. क्लच घसरतो का, म्हणजे इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही. ब्रेक चिकटून चाक गरम होते का. आणि वजनकाट्याची पावतीही एकदा बघा. दीड टनाच्या गाडीत अडीच टन कांदा भरला तर कोणताही फिल्टर उपयोगाचा नाही.

कायदा आणि वॉरंटी

मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार आरसीमधला तपशील कंपनीने मूळ ठरवलेल्यापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाला करता येत नाही. २०१९ च्या दुरुस्तीने बदललेल्या कलम १८२अ मध्ये परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही अशी तरतूद आहे. कंपनीचा फिल्टर, सेन्सर आणि धूर कमी करणारी यंत्रणा काढणे किंवा निकामी करणे यापासून तर लांबच राहा. तोंड उंच करण्याआधीही, गाडी एमएच २३ ची असो की एमएच ४४ ची, परिवहन कार्यालयात विचारून घ्या आणि अधिकृत सर्व्हिस सेंटरकडून लेखी उत्तर मागा. विमा कंपनीलाही कळवा.

गाडी वॉरंटीत असेल तर माझे मत स्पष्ट आहे. काही बदलू नका, फिल्टर निम्म्या अंतराने बदला. हप्ते चालू असलेल्या गाडीवर प्रयोग परवडत नाही. वॉरंटी संपलेल्या, शिवारातच जास्त फिरणाऱ्या जुन्या गाडीला मात्र उंच तोंड आणि योग्य मापाचा प्री-क्लीनर लावण्याचा विचार जरूर करावा.

ओढ्याचे पाणी

उंच तोंड लावले की गाडी पाण्यातून जाईल असा समज होतो. सिंदफणा, बिंदुसरा किंवा साध्या ओढ्याच्या पुलावरून पाणी वाहत असताना गाडी घालू नका. वाहते पाणी आधी गाडी ढकलते, इंजिनापर्यंत पोचणे ही नंतरची गोष्ट. शिवाय बॉनेटमधला प्रत्येक सांधा पाणबंद नसेल तर पाणी खालूनच आत शिरते.

आत किती पाणी चालते? अडीच लिटरच्या चार सिलिंडरच्या इंजिनात एका सिलिंडरचा आकार सुमारे ६३० मिलिलिटर. हवा साधारण अठरापट दाबली जाते, म्हणजे पिस्टन वर आल्यावर उरते ती जागा फक्त ३७ मिलिलिटरची, अर्ध्या कप चहापेक्षाही कमी. पाणी दाबले जात नाही. तेवढे पाणी एका सिलिंडरमध्ये गेले तर कनेक्टिंग रॉड वाकतो.

गाडी पाण्यात बंद पडली तर सेल्फ मारू नका, धक्काही मारू नका. ओढून बाहेर काढा, बॅटरीची तार सोडा आणि फिल्टरचा डबा उघडा. कागद कोरडा असेल तर पाणी तिथपर्यंत गेलेले नाही. ओला असेल तर टर्बो आणि इंटरकूलरचे होज सोडून पाणी काढावे लागते, आणि इंजेक्टर किंवा ग्लो प्लग काढून इंजिन आधी हाताने फिरवावे लागते. हे काम मेकॅनिकनेच करायचे. डिपस्टिकवरचे ऑइल दुधाळ दिसले तर ऑइल आणि ऑइल फिल्टर बदलेपर्यंत इंजिन फिरवू नका.